बोर्ड कोण लावतं?

सर्वोच्च न्यायालयाच्या कारभाराबद्दल, विशेषतः सरन्यायाधीशांच्या अधिकारांबद्दल, कुणी प्रश्न विचारला की एक उत्तर ठरलेलं असतं. न्यायालय निकालांतून बोलतं; निकाल पटला नाही तर पुनर्विलोकनाची याचिका करा; त्यापलीकडे काही विचारणं म्हणजे न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याला हात घालणं. हे उत्तर ज्येष्ठ वकील देतात, निवृत्त न्यायमूर्ती व्याख्यानांतून देतात, आयुष्यभर सचोटीनं न्यायदान केलेली माणसंही देतात. ते मनापासून दिलं जातं, म्हणून त्याचा प्रतिवादही तितक्याच मनापासून करायला हवा. न्यायाधीशाला स्वातंत्र्य आहे ते निकाल देण्याचं. कोणतं प्रकरण कधी आणि कुणापुढे लागणार हे ठरवणं हा प्रशासकीय अधिकार आहे. त्याचा हिशेब नागरिकाला मागता आलाच पाहिजे.

कोर्टाच्या आवारात वावरणारा कुणीही सांगेल की खटल्याचं अर्धं नशीब बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीवर, ठरतं. ‘मॅटर लागली का?’, ‘कुणापुढे लागली?’, ‘आज पोचेल का?’ हे तीन प्रश्न पक्षकार आपल्या वकिलाला कायद्याच्या प्रश्नांआधी विचारतो. तालुक्याच्या कोर्टापासून दिल्लीपर्यंत यात फरक नाही. फरक इतकाच की तालुक्याच्या कोर्टात बोर्ड चुकीचा लागला तर दाद मागायला वर जागा असते. सर्वोच्च न्यायालयाचा बोर्ड लावण्याचा अंतिम अधिकार एकट्या सरन्यायाधीशांचा आहे आणि त्याच्या वर कुणी नाही.

१४ ऑक्टोबर २०२२ ला, शुक्रवारी, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं जी. एन. साईबाबा यांना मुक्त केलं. चाकाच्या खुर्चीवर बसलेला, नव्वद टक्के अपंगत्व असलेला हा प्राध्यापक माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपाखाली नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात होता. राज्य सरकारनं त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, न्यायालयाला सुट्टी होती, तरी खास बैठक बसली आणि उच्च न्यायालयाचा आदेश स्थगित झाला. पुढे एप्रिल २०२३ मध्ये प्रकरण पुन्हा नागपूरला पाठवलं गेलं. ५ मार्च २०२४ ला नागपूर खंडपीठाच्या वेगळ्या न्यायाधीशांनी साईबाबांना दुसऱ्यांदा निर्दोष ठरवलं, आणि या वेळी सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती द्यायला नकार दिला. त्या एका शनिवारमुळे एक माणूस जवळपास सतरा महिने जास्त तुरुंगात राहिला. १२ ऑक्टोबर २०२४ ला तो हैदराबादमध्ये वारला.

स्थगिती योग्य होती की अयोग्य, हा निकालाचा भाग. त्यावर मतभेद होऊ शकतात आणि तिथे न्यायाधीशाचं स्वातंत्र्य मला मान्य आहे. पण शनिवारी खंडपीठ बसवायचं हे कुणी ठरवलं, कोणत्या निकषावर ठरवलं, आणि जामिनाची वाट पाहणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी तोच निकष का लागला नाही? याचं उत्तर कोणत्याही निकालपत्रात सापडणार नाही, कारण हा निर्णय न्यायदानाच्या कक्षात झालेलाच नसतो. तो कचेरीत होतो. त्यामुळे ‘न्यायालय निकालांतून बोलतं’ हे वाक्य इथे काहीच सांगत नाही.

याची उलट बाजूही आपण महाराष्ट्रात पाहिली. ११ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या सुट्टीत, वृत्तवाहिनीचे संपादक अर्णब गोस्वामी यांच्या जामीनअर्जावर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. याचिका आदल्याच दिवशी दाखल झाली होती. अलिबागच्या आत्महत्येच्या प्रकरणात अटक झालेल्या या माणसाला जामीन मिळाला. तो देताना व्यक्तिस्वातंत्र्याबद्दल न्यायालयानं जे सांगितलं ते बरोबरच होतं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या वकील संघटनेच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी पत्र लिहून विचारलं की हजारो लोक तुरुंगात ताटकळत असताना ही मॅटर इतक्या लवकर कशी लागली. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला हाथरसच्या वाटेवर पकडल्या गेलेल्या सिद्दिक कप्पन या पत्रकाराचं प्रकरणही त्याच न्यायालयापुढे होतं. त्याला आधी खालच्या न्यायालयात जायला सांगितलं गेलं, आणि जामीन मिळाला ९ सप्टेंबर २०२२ ला. या दोन प्रकरणांमधलं अंतर निकालाचं नाही, बोर्डाचं आहे. एका दिवसात सुनावणी हा अपवाद असेल तर तो का केला ते सांगावं. नियम असेल तर तो सगळ्यांना लागावा.

मोठ्या घटनात्मक प्रश्नांत उशीर हाच निकाल होऊन बसतो. राजकीय पक्षांना निनावी देणग्या देण्याची सोय करणाऱ्या निवडणूक रोख्यांविरुद्धच्या याचिका २०१७ मध्ये दाखल झाल्या. योजना घटनाबाह्य ठरली १५ फेब्रुवारी २०२४ ला. तोवर सोळा हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेचे रोखे विकले गेले होते आणि एक अख्खी लोकसभा निवडणूक त्या पैशावर लढली गेली होती. ज्या नागरिकाचा माहितीचा हक्क २०२४ मध्ये मान्य झाला, तो २०१९ मध्ये त्याच हक्काविना मतदान करून आला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीची वैधता २ जानेवारी २०२३ ला ठरली. बँकेच्या रांगेत उभं राहून ज्यांचे दिवस गेले, त्यांच्यासाठी तोवर त्या प्रश्नात काय उरलं होतं?

आपल्या दाराशी घडलेली गोष्ट तर याहून जवळची आहे. शिवसेनेतल्या फुटीनंतर २९ जून २०२२ च्या रात्री सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातली बहुमत चाचणी थांबवायला नकार दिला आणि त्याच रात्री उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ११ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलं की राज्यपालांनी ती चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं, पण राजीनामा दिला गेल्यामुळे पूर्वस्थिती आणता येत नाही. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभाध्यक्षांकडे गेला. त्यांनी तो १० जानेवारी २०२४ ला दिला आणि त्याला पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. त्या आव्हानावर निकाल येण्याआधीच विधानसभेची मुदत संपत आली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या निवडणुका झाल्या. कोणता गट खरा, यावर मला इथे काही म्हणायचं नाही. ज्या आमदारांची पात्रता वादात होती त्यांनी मुदत पूर्ण केली, आणि वाद मुदतीपेक्षा जास्त जगला, एवढं दोन्ही गटांच्या मतदारांना दिसलं.

मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांचं आरक्षण आणि प्रभागरचना यांवरचे वाद सर्वोच्च न्यायालयात होते, ‘जैसे थे’चा आदेश होता, तारखांमागून तारखा पडत होत्या. दोष एकट्या न्यायालयाचा नव्हता. प्रभागरचनेचे कायदे लागोपाठच्या सरकारांनी आपापल्या सोयीनं फिरवले. तरी ६ मे २०२५ ला न्यायालयानं जो आदेश दिला, की आरक्षणाची २०२२ पूर्वीची स्थिती धरून चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा प्रयत्न करा, तो फार आधी का देता आला नाही, हे कुणी सांगितलेलं नाही. मधल्या काळात देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचं अंदाजपत्रक प्रशासक स्वतः मांडत होते आणि स्वतःच मंजूर करत होते. गटार तुंबलं तर कुणाच्या दारात जायचं, हे माणसाला कळत नव्हतं. नगरसेवकच नव्हते.

‘खटले इतके आहेत, न्यायाधीश कमी आहेत’ असं यावर म्हणतात. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ऐंशी हजारांहून अधिक प्रकरणं पडून होती आणि सरन्यायाधीशांसह मंजूर पदं ३४ होती, हे खरं आहे. पण हाच युक्तिवाद माझ्या बाजूचा आहे. सगळं ऐकता येणार नसेल तर आधी काय ऐकायचं याची निवड अटळ आहे, आणि निवड करणारा हात जितका मोठा तितकं त्यानं कारण देणं आवश्यक. रेशनच्या दुकानात धान्य कमी आलं तर रांगेचा क्रम भिंतीवर लावावा लागतो. भरपूर असेल तेव्हा क्रमाला फारसं महत्त्व नसतं.

हे बाहेरचे टीकाकारच म्हणतात असंही नाही. १२ जानेवारी २०१८ ला न्या. चेलमेश्वर, न्या. रंजन गोगोई, न्या. मदन लोकूर आणि न्या. कुरियन जोसेफ हे चार ज्येष्ठ न्यायाधीश दिल्लीत पत्रकारांपुढे बसले. तक्रार कोणत्याही एका निकालाबद्दल नव्हती. महत्त्वाची प्रकरणं निवडक खंडपीठांकडे जातात आणि त्याला तर्कशुद्ध आधार दिसत नाही, ही तक्रार होती. न्यायाधीश बी. एच. लोया यांच्या नागपुरात झालेल्या मृत्यूचं प्रकरण त्याच सुमारास बोर्डावर होतं. त्या दिवशीही ‘संस्थेची अब्रू गेली’ असा आक्रोश झाला. झालं असं, की तीन आठवड्यांत विषयवार कामवाटपाचा तक्ता संकेतस्थळावर आला. जी गोष्ट विनंतीनं झाली नव्हती ती उघड बोलण्यानं झाली आणि त्यामुळे न्यायालयाचं स्वातंत्र्य रतीभरही कमी झालं नाही. पण गाडी तिथेच थांबली. ६ जुलै २०१८ ला न्यायालयानं निकाल दिला की वाटपाचे सर्वाधिकार सरन्यायाधीशांचेच, तिथे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळानं बसण्याची गरज नाही. ठाण्यात वकिली सुरू केलेले आणि मुंबई उच्च न्यायालयात अनेक वर्षं काढलेले न्या. अभय ओक मे २०२५ मध्ये निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी त्यांनी स्पष्ट सांगितलं की सर्वोच्च न्यायालय सरन्यायाधीशकेंद्रित झालं आहे, ते बदलायला हवं. उच्च न्यायालयांचा कारभार न्यायाधीशांच्या समित्यांमार्फत चालतो, तो अधिक लोकशाहीचा आहे. आतल्या माणसानं सांगितलं तर ते आत्मपरीक्षण, आणि नागरिकानं सांगितलं तर अवमान, असा भेद करता येणार नाही.

आता दुसरा युक्तिवाद: न्यायाधीश चुकला तर घटनेत महाभियोगाची तरतूद आहेच. ती आहे, पण १९५० पासून २०२५ संपेपर्यंत त्या मार्गानं एकाही न्यायाधीशाला पदावरून दूर केलं गेलं नाही. न्या. व्ही. रामस्वामी यांच्या प्रकरणात चौकशी समितीचे अध्यक्ष न्या. पी. बी. सावंत होते. महाराष्ट्रानं त्यांचा निःस्पृहपणा पुढे अनेक चळवळींत जवळून पाहिला. त्यांच्या समितीनं १४ पैकी ११ आरोपांत रामस्वामींना दोषी ठरवलं. ११ मे १९९३ ला लोकसभेत प्रस्तावाच्या बाजूनं १९६ मतं पडली. विरोधात एकही नाही. सत्ताधारी काँग्रेसचे सदस्य तटस्थ बसले, आवश्यक बहुमत झालं नाही, आणि रामस्वामी निवृत्तीपर्यंत पदावर राहिले. सावंत समितीनं केलेलं काम सभागृहाच्या मौनानं वाया गेलं. २०११ मध्ये न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्ध राज्यसभेनं प्रस्ताव संमत केला, तर लोकसभेपुढे येण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. ज्या हत्याराला उचलायला दोन्ही सभागृहं लागतात त्याच्या भरवशावर रोजची शिस्त चालत नाही. आणि बोर्ड लावण्यातली मनमानी हा काही महाभियोगाचा विषयही नव्हे. त्यासाठी साधं, रोजचं, लहान उत्तरदायित्व हवं.

तिसरा युक्तिवाद अंतर्गत चौकशीचा. ही पद्धत मुंबईच्याच प्रकरणातून जन्मली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांच्यावर परदेशी प्रकाशकाकडून मिळालेल्या मानधनाबद्दल वकिलांनी आक्षेप घेतले. १९९५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यावरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की वकील संघटनांनी ठराव करू नयेत, माहिती मुख्य न्यायमूर्तींना आणि त्यांच्यामार्फत सरन्यायाधीशांना द्यावी. त्या वाटेनं १९९९ मध्ये अंतर्गत कार्यपद्धती स्वीकारली गेली. तिच्यात एक मोठं भगदाड आहे: तक्रार खुद्द सरन्यायाधीशांविरुद्ध असेल तर काय करायचं, याबद्दल ती काही बोलत नाही.

ते भगदाड २०१९ मध्ये उघडं पडलं. न्यायालयातल्या एका माजी महिला कर्मचाऱ्यानं सरन्यायाधीश रंजन गोगोई यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला. २० एप्रिल २०१९ ला, तोही शनिवार होता, या विषयावर खास खंडपीठ बसलं आणि त्याच्या अध्यक्षस्थानी स्वतः गोगोई होते. स्वतःच्या प्रकरणात कुणी न्यायाधीश असू नये, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतात. पुढे आत्मचरित्र प्रसिद्ध झालं तेव्हा आपण त्या खंडपीठावर नसतो तर बरं झालं असतं, असं त्यांनीही मान्य केलं. चौकशी समिती न्या. शरद बोबडे यांच्या नेतृत्वाखाली बसली. तक्रारदार बाईंना वकील मिळाला नाही आणि त्या कामकाजातून बाहेर पडल्या. ६ मे रोजी आरोपांत तथ्य नसल्याचं जाहीर झालं, अहवाल प्रसिद्ध झाला नाही. जानेवारी २०२० मध्ये बाईंना नोकरीत परत घेण्यात आलं. मार्च २०२० मध्ये, निवृत्तीनंतर चार महिन्यांत, गोगोई राज्यसभेवर नियुक्त झाले.

समितीचा निष्कर्ष चुकीचा होता असा माझा दावा नाही. मला ते ठरवता येत नाही, तुम्हालाही येत नाही, कारण कागद मिळत नाही. कामाच्या ठिकाणच्या छळाबद्दल विशाखा निकालातून देशभरच्या कचेऱ्यांना नियम घालून देणाऱ्या न्यायालयानं स्वतःच्या कचेरीत ते नियम बाजूला ठेवले, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. एखाद्या साखर कारखान्याच्या अध्यक्षानं आपल्यावरच्या तक्रारीची सुनावणी स्वतः घेतली असती आणि अहवाल कपाटात ठेवला असता, तर उच्च न्यायालयानं काय केलं असतं, हे इथल्या कोणत्याही वकिलाला सांगता येईल.

न्यायाधीश स्वतःच्या बचावासाठी पत्रकारांपुढे येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांच्यावर टीका करताना संयम हवा, असंही म्हणतात. संयम हवाच. पण जो बोलू शकत नाही त्याच्या वतीनं कागदानं बोलावं, हीच तर मागणी आहे. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. यशवंत वर्मा यांच्या निवासस्थानी आग लागली आणि जळालेल्या नोटांची चर्चा सुरू झाली, तेव्हा सरन्यायाधीश संजीव खन्ना यांनी २२ मार्चला प्राथमिक अहवाल, वर्मा यांचं उत्तर आणि चित्रफीतसुद्धा संकेतस्थळावर टाकली. आरोप आणि बचाव दोन्ही लोकांनी वाचले. आकाश कोसळलं नाही. उलट अफवांना लगाम बसला. १ एप्रिल २०२५ ला न्यायाधीशांनी एकत्र बसून मालमत्ता जाहीर करायचं ठरवलं आणि ५ मे रोजी त्या संकेतस्थळावर आल्या. हीच माहिती मागणाऱ्या नागरिकाला २००९ पासून कोर्टात खेचलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालय माहिती अधिकाराच्या वादात अपीलकर्ता म्हणून स्वतःपुढेच उभं राहिलं आणि सरन्यायाधीशांचं कार्यालय या कायद्याखाली येतं हे मान्य व्हायला १३ नोव्हेंबर २०१९ उजाडलं. त्या दहा वर्षांत दिला गेलेला प्रत्येक इशारा, की माहिती दिली तर स्वातंत्र्य धोक्यात येईल, खोटा ठरला. २७ सप्टेंबर २०२२ ला उदय लळीत सरन्यायाधीश असताना घटनापीठांचं थेट प्रक्षेपण सुरू झालं, त्याआधीही असेच इशारे होते. आज वाडीवस्तीवरचा कायद्याचा विद्यार्थी मोबाइलवर घटनापीठ ऐकतो.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो मी हलका मानत नाही. तो असा: उत्तरदायित्वाची मागणी सरकारही करतं, आणि सरकारला हवं असतं ते नियंत्रण. २५ एप्रिल १९७३ ला, संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणाऱ्या केशवानंद भारती निकालाच्या दुसऱ्या दिवशी, शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठांना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश करण्यात आलं. आणीबाणीतल्या अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही असं ठरवणाऱ्या एडीएम जबलपूर खटल्यात एकट्यानं विरोधी मत देणारे न्या. एच. आर. खन्ना १९७७ मध्ये डावलले गेले. ही भीती अनुभवातून आलेली आहे, आणि कायदामंत्र्याच्या हातात नेमणुकांची चावी पुन्हा जावी असं मला मुळीच वाटत नाही.

पण सरकारचा हात अंधारातच चालतो, हे त्याच भीतीचं दुसरं टोक आहे. मुंबई उच्च न्यायालयात असलेल्या न्या. अकिल कुरेशी यांची मे २०१९ मध्ये मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायमूर्तिपदासाठी शिफारस झाली. सरकारनं आक्षेप घेतला. सप्टेंबरमध्ये न्यायवृंदानं, म्हणजे नेमणुकांची शिफारस करणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळानं, शिफारस बदलून त्यांना त्रिपुराला पाठवलं. आक्षेप काय होता, तो न्यायवृंदाला का पटला, हे उघड लिहिलं गेलं असतं तर दबाव टाकणाऱ्याला शंभरदा विचार करावा लागला असता. ऑगस्ट २०२५ मध्ये एका शिफारशीला न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी असहमती नोंदवल्याचं वृत्तपत्रांतून कळलं. संकेतस्थळावरच्या निवेदनात तिचा उल्लेख नव्हता. निकालपत्रातलं विरोधी मत आपण शतकभर जपतो, त्याच्यावर पुस्तकं लिहितो. नेमणुकीतलं विरोधी मत मात्र लपवतो. सरकारपासून न्यायालयाला वाचवणारी भिंत गुप्ततेची असूच शकत नाही, कारण सरकार त्या गुप्ततेच्या आतच बसलेलं असतं. बाहेर राहतो तो फक्त नागरिक.

निवृत्तीनंतरच्या पदांचंही तसंच. विधी आयोगानं १९५८ च्या आपल्या चौदाव्या अहवालात सांगून ठेवलं होतं की सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पदं घेऊ नयेत. माजी सरन्यायाधीश सदाशिवम २०१४ मध्ये केरळचे राज्यपाल झाले. न्या. अब्दुल नझीर निवृत्त झाल्यावर दीड महिन्याच्या आत आंध्र प्रदेशचे. अमरावतीचे भूषण गवई यांनी सरन्यायाधीशपदी येतानाच आपण असं कोणतंही पद घेणार नाही असं जाहीर केलं, त्याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक. पण हा संयम व्यक्तीच्या स्वभावावर सोडून कसं चालेल? सरन्यायाधीश येतात आणि जातात. के. एन. सिंह १७ दिवस होते, लळीत ७४ दिवस, गवई सहा महिने. प्रत्येक जण आपली पद्धत आणतो आणि तिच्यासह निघून जातो.

सप्टेंबर २०२४ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या घरच्या गणपतीची आरती पंतप्रधानांनी केली. त्यावर टीका झाली तेव्हा आपल्याकडच्या अनेकांना ती टोचली. घरच्या गणपतीला दर्शनाला आलेल्याला दारातून परत कसं पाठवायचं, हा प्रश्न मराठी मनाला सहज पडतो. मलाही पडला. त्या भेटीत काही देवाणघेवाण झाली असा संशय मी घेत नाही. पण शिवसेना आणि राष्ट्रवादी या दोन्ही पक्षांच्या फुटीची प्रकरणं तेव्हा त्याच न्यायालयात होती, राज्याची निवडणूक दोन महिन्यांवर होती, आणि आरतीची छायाचित्रं देशभर गेली. ज्या पक्षकाराची मॅटर बोर्डावर येत नव्हती त्यानं ते छायाचित्र पाहून काय समजायचं? न्यायाधीशांनी १९९७ मध्ये स्वतःसाठी जी आचारमूल्यं स्वीकारली, त्यांत पदाला साजेसं अंतर राखणं हे एक आहे. ते अंतर पक्षकाराच्या विश्वासासाठी आहे. आरती खाजगीत झाली असती तर कुणी बोललं नसतं.

अवमानाच्या धाकाबद्दल थोडंच. नागपुरात मोटरसायकलवर बसलेल्या सरन्यायाधीशांच्या छायाचित्रावर ट्वीट केलं म्हणून वकील प्रशांत भूषण यांना ऑगस्ट २०२० मध्ये दोषी ठरवलं गेलं आणि शिक्षा झाली एक रुपयाची. टीकेनं न्यायालय खचत नाही, याचा सर्वांत मोठा पुरावा न्यायालयाच्याच इतिहासात आहे. २८ एप्रिल १९७६ च्या एडीएम जबलपूर निकालावर वकिलांनी, अभ्यासकांनी, तुरुंगात जाऊन आलेल्या सामान्य माणसांनी चाळीस वर्षं कठोर टीका केली. त्या निकालाच्या बहुमतात पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, जे पुढे सात वर्षांहून अधिक काळ सरन्यायाधीश राहिले. २४ ऑगस्ट २०१७ ला तो निकाल रद्दबातल ठरवणारं मत त्यांच्या मुलानं लिहिलं. वडिलांची चूक मुलानं भर न्यायालयात दुरुस्त केली आणि न्यायालयाची उंची वाढली. ती टीका गप्प बसवली असती तर हा दिवस आला नसता.

एकट्या सरन्यायाधीशांच्या हाती किती अधिकार असावा, हा प्रश्न जुनाच आहे. २४ मे १९४९ ला घटना समितीत सूचना आली होती की न्यायाधीशांच्या नेमणुकीत सरन्यायाधीशांची संमती अनिवार्य करावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मानली नाही. सरन्यायाधीश हाही आपल्यासारखाच माणूस आहे, भावना, उणिवा आणि पूर्वग्रह त्यालाही असतात, असं त्यांनी सभागृहाला सांगितलं. पुढे निकालांमधून तीच संमती आणि त्याहून कितीतरी मोठा अधिकार सरन्यायाधीशांकडे आला.

मला काय हवं ते फार मोठं नाही. तातडीची सुनावणी मागणाऱ्या प्रत्येक अर्जाची नोंद आणि त्यावरच्या होकार-नकाराचं एका ओळीतलं कारण संकेतस्थळावर यावं. घटनापीठाकडे सोपवलेलं प्रकरण किती दिवसांत लागेल याची मुदत ठरावी आणि ती ओलांडली तर का ओलांडली ते छापावं. सुट्टीच्या दिवशी खंडपीठ बसवण्याचा निर्णय तीन ज्येष्ठ न्यायाधीशांनी मिळून घ्यावा. सरन्यायाधीशांविरुद्धची तक्रार कुणी आणि कशी ऐकायची हे १९९९ च्या कार्यपद्धतीत लिहावं, आणि चौकशीचा निष्कर्ष निदान तक्रारदाराच्या हातात द्यावा. यातल्या एकाही गोष्टीला संसदेची परवानगी लागत नाही, सरकारचा हात लागत नाही. १ एप्रिल २०२५ ला मालमत्तेच्या ठरावासाठी न्यायाधीश ज्या दालनात एकत्र बसले होते, त्याच दालनात एका दुपारी हे होऊ शकतं.